विषाणू रक्तातून गेला, मग दुखणं का राहिलं?



संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी आज थोडा इतिहास. प्रश्न असा आहे : शरीरात कुठे दाह झाला की तिथे जी रसायनं सुटतात, ती वेदना टिपणाऱ्या चेतापेशींचं नेमकं काय करतात? आजच्या पाठ्यपुस्तकात याचं उत्तर एका आकृतीत मावतं. पण ती आकृती तयार व्हायला विसाव्या शतकाचा बराचसा भाग खर्ची पडला. इतका वेळ का लागला, हे कळलं तर आकृती पाठ करण्यापेक्षा तुम्हाला त्याचा जास्त उपयोग होईल.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू.

मालेगाव २००६, बार्शी १९७३

मी मूळची ओझरची. अष्टविनायकातलं ओझर नव्हे, नाशिकजवळचं, मिग विमानांच्या कारखान्याचं ओझर. आमच्या गावावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाने ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर पुढे गेलात की मालेगाव लागतं. २००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या एका शहरातून चिकुनगुन्याचे दोन हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्या वर्षी देशभरात संशयित रुग्णांचा आकडा सुमारे १३.९ लाखांवर गेला.

महाराष्ट्राला हा आजार नवा नव्हता. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली होती. तेव्हाच्या सर्वेक्षणात गावातल्या ३७.५ टक्के लोकांना आजार होऊन गेल्याचं दिसलं. त्यानंतर तीसेक वर्षं हा विषाणू भारतात जवळजवळ विसरला गेला. २००६ मध्ये तो परत आला तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने दाखवून दिलं की हा जुना आशियाई नमुना नाही, आफ्रिकी जनुकीय प्रकार आहे.

'चिकुनगुन्या' हे नाव मात्र आपल्याकडे ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा कोंबडीकडे वळवतो. त्याचा कोंबडीशी काही संबंध नाही. १९५२-५३ मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, ही साथ प्रथम नीट अभ्यासली गेली. तिथल्या माकोंडे भाषेतल्या या शब्दाचा अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा' असा आहे. रुग्णाला चालताना पाहिलं असेल तर हे नाव किती नेमकं आहे ते कळतं.

ताप आठवड्याच्या आत उतरतो. बोटांचे, मनगटांचे, घोट्यांचे सांधे मात्र अनेकांचे कित्येक आठवडे, काहींचे कित्येक महिने दुखत राहतात. आता हे कुणाच्या वाट्याला आलं ते बघा. मालेगाव हे यंत्रमागाचं शहर. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारणं हे तिथलं काम. आमच्या निफाड पट्ट्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे ऐन द्राक्षतोडणी. दिवसभर हातात कात्री. बोट वळेना म्हणजे मजुरी बुडाली. अशा माणसाला ताप नाही, सूजही फारशी दिसत नाही आणि रक्ताच्या तपासणीत ठळक काही सापडत नाही, असं झालं की घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत एकच शंका हळूहळू डोकं वर काढते : हा खरंच दुखतंय म्हणून सांगतोय, की काम टाळतोय?

या शंकेला विज्ञानाकडे उत्तर आहे. ते ज्या वाटेने मिळालं, ती वाट आता बघू.

तार की गेज?

वेदनेचं सगळ्यात जुनं आणि सोपं चित्र म्हणजे दोरी आणि घंटा. सतराव्या शतकात देकार्तने ते मांडलं : पायाला चटका बसला की दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. १९०६ मध्ये चार्ल्स शेरिंग्टनने यात शिस्त आणली. इजा करू शकणाऱ्या उद्दीपनांना प्रतिसाद देणारे खास चेतातंतू असतात, ही कल्पना त्याने मांडली. त्यावरून पुढे 'नोसिसेप्टर' हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण 'वेदनाग्राही चेतापेशी' म्हणू. या पेशींचं मुख्य शरीर मणक्यालगतच्या गाठींमध्ये असतं. तिथून एक लांब फाटा त्वचेत, स्नायूत, सांध्यात जातो आणि दुसरा मेरुरज्जूत.

पण दोरीच्या चित्रात एक अडचण होती, आणि ती दोन हजार वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. रोमन लेखक सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आता उन्हाने भाजलेल्या पाठीवर सदरा चढवून बघा. सदरा कालचाच. पाठही कालचीच. चेतातंतूही तेच. काल सदऱ्याचा स्पर्श जाणवतही नव्हता, आज तो बोचतो. दोरी तीच, ओढही तीच, मग घंटा एवढ्या जोरात का वाजली?

आमच्या गावात कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. गेजचा काटा लाल पट्ट्यात गेला तर दोन शक्यता असतात. एक, दाब खरंच वाढलाय. दोन, दाब आहे तेवढाच आहे, पण गेजचं सेटिंग हललंय. वेदनेच्या संशोधनात पहिल्या शक्यतेवर बराच काळ खर्च झाला. दुसरी शक्यता हळूहळू पुढे आली.

फोडाखालची त्वचा

पहिला प्रश्न सरळ होता : दाह झालेल्या जागी असा कोणता पदार्थ असतो जो चेतातंतूला चेतवतो? तो शोधायचा तर दोन अडथळे. त्वचेचा वरचा थर पदार्थ आत जाऊ देत नाही. आणि सुईने टोचून आत घालावा, तर सुईचंच दुखतं.

लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये सी. ए. कील आणि डिझायरी आर्मस्ट्राँग यांनी १९५० च्या दशकात यावर युक्ती काढली. एका जातीच्या भुंगेऱ्यापासून मिळणारं कँथॅरिडिन त्वचेवर लावलं की फोड येतो. त्यांनी माणसाच्या हातावर असा फोड आणला, त्याची वरची साल काढली, आणि उघड्या पडलेल्या भागावर वेगवेगळी द्रावणं ठेवली. किती दुखतंय हे तो माणूस स्वतः त्या त्या क्षणी नोंदवत होता. पोटॅशियम, ॲसिटिलकोलीन, सेरोटोनिन अशा पदार्थांनी वेदना होते, हे त्यांनी दाखवलं.

याच प्रयोगांत एक विचित्र गोष्ट घडली. रक्तातला प्लाझ्मा ताजा असताना दुखत नव्हता. पण काही वेळ काचेच्या भांड्यात राहिला की तोच प्लाझ्मा फोडावर ठेवताच झोंबत होता. म्हणजे काचेच्या स्पर्शाने प्लाझ्मात काहीतरी नवं तयार होत होतं. फोडातल्या द्रवाचंही तसंच. त्यांनी त्याला 'वेदना निर्माण करणारा पदार्थ' असं साधं नाव दिलं.

इथे जरा थांबा. प्रयोगाचं भांडं हेच प्रयोगातलं एक रसायन निघालं. 'भांड्यामुळे गडबड होतेय' म्हणून दुसरं भांडं घेऊन विषय संपवणं सोपं होतं. त्यांनी त्या गडबडीचाच पाठपुरावा केला.

सापाच्या विषातून आलेला पाहुणा

तो पदार्थ ओळखता आला, कारण ब्राझीलमध्ये काही वर्षं आधी भलत्याच कामासाठी एक शोध लागला होता. १९४९ मध्ये साओ पावलोत मॉरिसिओ रोचा ए सिल्वा, विल्सन बेराल्डो आणि गास्टाओ रोझेनफेल्ड हे जराराका सापाच्या विषाचा अभ्यास करत होते. हा साप आपल्या घोणसाच्याच कुळातला. विष रक्तातल्या प्रथिनांत मिसळलं की एक पदार्थ सुटतो, रक्तदाब उतरवतो, आणि गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा हळूहळू आकुंचन पावतो, असं त्यांना दिसलं. 'हळू' आणि 'हालचाल' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याला ब्रॅडिकायनिन नाव मिळालं. १९६० मध्ये त्याची रचना कळली : फक्त नऊ अमिनो आम्लांची साखळी.

लंडनच्या प्लाझ्मातला झोंबणारा पदार्थ याच कायनिन घराण्यातला होता. ऊतीला इजा झाली की आपल्याच रक्तातल्या प्रथिनातून तो सुटतो, त्याला सापाची गरज नसते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं : दाह, त्यातून ब्रॅडिकायनिन, त्यातून वेदना. दोरी ओढणारा हात सापडला.

पण सदऱ्याचं कोडं सुटलं नव्हतं.

ॲस्पिरिनचं कोडं

ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं. ते दुखणं कमी करतं हे साऱ्या जगाला माहीत होतं. पण संशोधकांना ते चकवत होतं, कारण निरोगी त्वचेला टोचल्यावर होणाऱ्या वेदनेवर त्याचा फारसा परिणाम दिसत नव्हता.

१९५७ मध्ये रँडल आणि सेलिटो यांनी याची एक साधी चाचणी तयार केली. उंदराच्या एका पंजात यीस्ट टोचून दाह निर्माण करायचा, दुसरा पंजा तसाच ठेवायचा. मग दोन्ही पंजे हळूहळू दाबत जायचं आणि कोणत्या दाबाला उंदीर पाय ओढून घेतो ते मोजायचं. सुजलेला पंजा थोड्याच दाबाला मागे येतो. ॲस्पिरिनसारखं औषध दिलं की सुजलेल्या पंजाची सहनशक्ती पूर्ववत होऊ लागते, निरोगी पंजाची मात्र वाढत नाही. मॉर्फिनने दोन्ही पंजांची वाढते.

याचा अर्थ काय होतो? ॲस्पिरिन घंटा बंद करत नाही, दोरीही कापत नाही. दाहामुळे जे काही बिघडलंय, तेवढंच ते परत जागेवर आणतं. निरोगी पंजात बिघडलेलंच काही नाही, म्हणून तिथे ते काही करत नाही. त्या दुसऱ्या पंजाशिवाय हे कळलंच नसतं. 'कंट्रोल कशाला हवा?' असं कुणी विचारलं तर हे उदाहरण सांगा.

१९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन वेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. यासाठी त्यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं. आता साधा तर्क असा : प्रोस्टाग्लँडिन थांबलं की वेदना थांबते, म्हणजे प्रोस्टाग्लँडिननेच दुखत असणार. पण त्वचेत प्रोस्टाग्लँडिन घातलं तर दाहात सापडतं तेवढ्या प्रमाणात ते फारसं दुखवत नव्हतं. तर्क अडला.

ही गाठ सोडवली सेर्जिओ फेरेरा यांनी. ते रोचा ए सिल्वा यांच्या ब्राझीलमधल्या परंपरेत तयार झालेले आणि पुढे वेन यांच्याबरोबर काम केलेले. १९७२ मध्ये त्यांनी माणसांच्या त्वचेखाली ही रसायनं अगदी संथ गतीने सोडून पाहिली. नुसतं प्रोस्टाग्लँडिन सोडलं तर उघड वेदना नव्हती, पण ती जागा हळवी होत गेली. जितका वेळ सोडावं तितकी जास्त हळवी. आणि त्या हळव्या जागेत ब्रॅडिकायनिन गेलं की कळ उठत होती.

शंभर वर्षांच्या या इतिहासातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं वळण हेच. रसायनं दोन प्रकारची कामं करतात. एक चेतवण्याचं, म्हणजे तंतूला तिथल्या तिथे संदेश पाठवायला लावण्याचं. दुसरं संवेदीकरणाचं, म्हणजे तंतूचा उंबरठा खाली आणून ठेवण्याचं. ब्रॅडिकायनिन दोन्ही करू शकतं. प्रोस्टाग्लँडिन मुख्यतः दुसरं करतं. 'कशाने दुखतं?' एवढंच विचारत राहिल्यामुळे दुसरं काम इतकी वर्षं दिसलं नव्हतं. प्रश्न 'कशामुळे दुखायला सोपं होतं?' असा विचारल्यावर ते दिसलं.

एकेका तंतूला ऐकणं

माणूस 'दुखतंय' म्हणतो, उंदीर पाय ओढतो. पण बदल नक्की कुठे झाला? तंतूच्या टोकाशी, मेरुरज्जूत, की मेंदूत? हे ठरवायला एकेका तंतूतले विद्युत संकेत वेगळे ऐकणं गरजेचं होतं. नसेत हजारो तंतू असतात. ती बारीक चिरत चिरत एकच सक्रिय तंतू हाती येईपर्यंत जायचं, हे कमालीचं किचकट काम आहे. हे तंत्र पुढे नेणाऱ्यांत आपले ऑतार सिंग पेंटल होते, पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक. फुप्फुसातल्या 'जे रिसेप्टर'साठी ते ओळखले जातात, पण १९६० मध्ये स्नायूंमधल्या, जोराच्या दाबाला प्रतिसाद देणाऱ्या बारीक तंतूंवरही त्यांनी लिहिलं आहे.

१९६० च्या दशकाच्या शेवटी एडवर्ड पर्ल आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या त्वचेतून आलेले वेदनाग्राही तंतू एकेक करून नोंदवले. १९६९ मध्ये बेसू आणि पर्ल यांनी दाब, उष्णता आणि आम्ल अशा तिन्हींना प्रतिसाद देणारे सर्वांत बारीक तंतू दाखवले. त्वचेला एकदा चटका बसल्यावर हेच तंतू आधीपेक्षा कमी उष्णतेला संदेश पाठवू लागत होते. म्हणजे उंबरठा खाली येतो तो तंतूच्या टोकाशीच. गेजचं सेटिंग खरोखर हलतं, आणि ते हललेलं मोजता येतं.

हीच गोष्ट इथे संपत नाही, हेही लक्षात ठेवा. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं की टोकाकडून संदेशांचा मारा झाला की मेरुरज्जूतल्या पेशीही हळव्या होतात. त्यामुळे दुखणं मूळ जागेच्या आजूबाजूलाही पसरतं.

स्क्रू कुठे आहे?

सेटिंग हलतं तर कोणता स्क्रू फिरतो? याचं उत्तर १९९० च्या दशकात मिळू लागलं. चेतापेशीच्या पटलात आयन चॅनेल नावाची प्रथिनांची दारं असतात. ती उघडली की विद्युतभारित कण आत येतात आणि संदेश सुरू होतो. प्रोस्टाग्लँडिन पेशीवरच्या ग्राहकाला चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, एक एन्झाइम जागं होतं आणि ते या दारांवर फॉस्फेट चिकटवतं. १९९६ मध्ये दोन गटांनी दाखवलं की यामुळे वेदनाग्राही पेशींमधली एका खास जातीची सोडियम दारं सहज उघडू लागतात. दार तेच, कडी सैल झाली.

दुसरं दार मिरचीने दाखवलं. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं वेदनाग्राही पेशींना चेतवतं, हे हंगेरीच्या मिक्लोश यांचो यांच्या गटाने अनेक दशकं आधी ओळखलं होतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने कॅप्सायसिन ज्याला चिकटतं ते प्रथिन शोधलं. आज त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. हे दार सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेलाही उघडतं. म्हणूनच ठेचा खाल्ल्यावर तोंड 'भाजतं'. यातूनच ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

आता दाहाशी सांधा जोडा. २००२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की ब्रॅडिकायनिन असेल तर हा ४३ अंशांचा उंबरठा शरीराच्या नेहमीच्या तापमानाच्याही खाली येऊ शकतो. याचा अर्थ नीट लावा. शरीराची स्वतःची ऊब हीच चटक्यासारखी नोंदली जाऊ शकते. बाहेरून काहीच लागलेलं नसताना सांधा का ठणकतो, याचं एक उत्तर इथे आहे.

रसायनांची यादीही वाढत गेली. १९८८ मध्ये फेरेरा यांच्याच गटाने दाखवलं की रोगप्रतिकारक पेशी एकमेकींशी बोलताना सोडतात ते इंटरल्यूकिन-१ अत्यल्प प्रमाणातही हळवेपणा आणतं. १९९२ मध्ये टीएनएफ या सायटोकाइनची भूमिका पुढे आली. १९९३ मध्ये लेविन, रिटर आणि मेंडेल यांनी एनजीएफबद्दल तेच दाखवलं. रीटा लेवी-मोंताल्चिनी यांनी चेतापेशींच्या वाढीसाठी शोधलेलं हे प्रथिन प्रौढ शरीरात वेदनेचा उंबरठा खाली आणतं. आणि एनजीएफ फक्त दारावर फॉस्फेट चिकटवून थांबत नाही. ते तंतूमधून पेशीच्या मुख्य शरीरापर्यंत जातं आणि कोणती प्रथिनं किती बनवायची हेच बदलतं. फॉस्फेट काही मिनिटांत निघू शकतं. पेशीने नव्याने बनवून टोकाकडे पाठवलेली दारं मात्र कित्येक दिवस राहतात.

आता मालेगावकडे परत

चिकुनगुन्याचा विषाणू रक्तातून साधारण आठवड्याभरात नाहीसा होतो. त्यानंतर काय उरतं? सिंगापूरच्या रुग्णांवरच्या २०११ च्या अभ्यासात, ज्यांचे सांधे दुखत राहिले त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि जीएम-सीएसएफ ही दाहाची रसायनं जास्त आढळली. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर २००५-०६ मध्ये सुमारे एक तृतीयांश लोकांना हा आजार झाला होता. तिथल्या एका जुनाट दुखण्याच्या रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात, आजारानंतर १८ महिन्यांनी, भक्षकपेशींमध्ये विषाणूचे अवशेष सापडले. हा अहवाल २०१० चा. म्हणजे रक्ताची तपासणी जिथे बघते तिथे काही नसतं, आणि जिथे काही असतं तिथे तपासणी बघत नाही.

आता एक सावधगिरी, आणि ती तुम्ही संशोधक म्हणून शिकायलाच हवी. इथे तीन वेगवेगळ्या प्रतीचे पुरावे आहेत. दाहाची रसायनं वेदनाग्राही पेशींचा उंबरठा खाली आणतात, हे प्रयोगाने सिद्ध झालंय. चिकुनगुन्यानंतर ज्यांचं दुखणं टिकतं त्यांच्यात अशी काही रसायनं वाढलेली दिसतात, हे निरीक्षण आहे, सहसंबंध आहे. आणि 'म्हणून त्यांचं दुखणं याच रसायनांमुळे' हे या दोन्हींना जोडणारं अनुमान आहे. अनुमान भक्कम आहे, पण ते अनुमान म्हणूनच लिहायचं. शोधप्रबंधात या तिघांची सरमिसळ झाली की परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तरीही त्या कामगाराबद्दलच्या शंकेचं उत्तर एवढ्यावर देता येतं. तपासणीत काही न दिसणं आणि दुखत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेहमीची रक्ततपासणी संसर्ग शोधते, सूज शोधते. चेतातंतूचा उंबरठा किती खाली आलाय हे ती मोजतच नाही. जे मोजलं नाही ते नाही असं म्हणणं हे विज्ञान नव्हे.

स्क्रू कळला, मग औषध का नाही?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच. एनजीएफला रोखणारं टॅनेझुमॅब नावाचं प्रतिपिंड गुडघेदुखीवर खरोखर परिणामकारक ठरलं होतं. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजू लागले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला आणि त्याच वर्षी कंपनीने ते सोडून दिलं. टीआरपीव्ही-१ बंद करणाऱ्या औषधांनी काही चाचण्यांत रुग्णांचा ताप वाढवला आणि गरम वस्तूची जाणीव बोथट केली. हातात उकळता चहा असताना ती जाणीव नसणं किती धोक्याचं आहे ते सांगायला नको.

दोन्ही उदाहरणांत एकच गोष्ट दिसते. गेजचं सेटिंग हलणं हा निव्वळ बिघाड नसतो. दुखरा सांधा आपण जपून वापरतो आणि तो बरा व्हायला वेळ मिळतो. काम झाल्यावरही सेटिंग मूळ जागी परतत नाही, तेव्हा तो आजार होतो. म्हणून आजचा खरा प्रश्न 'उंबरठा खाली कसा येतो' हा राहिलेला नाही. 'तो परत वर का जात नाही' हा आहे. पुढच्या काही वर्षांत तुमच्यापैकी कुणी यावर काम करत असेल.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन थांबवतात हे वाचून तापात स्वतःच गोळी घेऊ नका. आपल्याकडे डेंगी आणि चिकुनगुन्या एकाच डासाने पसरतात, आणि डेंगीत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंगी नाही हे नक्की होईपर्यंत पॅरासिटामॉलच, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

तुमच्यासाठी गृहपाठ

वेदनेवरचा कोणताही एक संशोधन निबंध घ्या. निष्कर्ष आधी वाचू नका. पद्धतीचा विभाग उघडा आणि चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

एक : त्यांनी मोजलं काय? माणसाचं सांगणं, प्राण्याची हालचाल, एका तंतूतले संकेत, की रक्तातलं रसायन?

दोन : जे मोजलं त्यावरून चेतवणं आणि संवेदीकरण वेगळं करता येतं का? नुसतं रसायन देऊन पाहिलं, की रसायनानंतर दुसरं उद्दीपनही देऊन पाहिलं?

तीन : त्यांचा 'दुसरा पंजा' कोणता? म्हणजे दाह नसलेल्या ऊतीत तेच करून पाहिलं का?

चार : निष्कर्षातलं कोणतं वाक्य मोजमापावर उभं आहे आणि कोणतं अनुमानावर?

मग निष्कर्ष वाचा आणि तुमच्या वहीशी ताडून बघा. जमलं तर अशा पाच निबंधांचा एक तक्ता करा. संशोधन प्रस्तावात 'संशोधनातील उणीव' असा जो विभाग लिहावा लागतो, तो बहुतेकदा या तक्त्यातल्या रिकाम्या चौकटींतूनच निघतो.